फंक्शन, बटण आणि मागे राहणारी नोंद

२, ४, ४, ४, ५, ५, ७, ९. या आठ आकड्यांचे प्रमाण विचलन काढायचे आहे. मॅटलॅबमध्ये त्यासाठीचे फंक्शन वापरले तर उत्तर येते २.१४. पायथनच्या नमपाय या लायब्ररीत त्याच नावाचे फंक्शन वापरले तर येते २. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज दोन्हीकडे ३२ च येते. मॅटलॅब तिला ७ ने भागते, कारण हे आकडे मोठ्या समूहातून उचललेला नमुना आहेत असे ते धरून चालते. नमपाय ८ ने भागते, कारण हाच संपूर्ण समूह असे त्याचे गृहीतक. त्याच पायथनमधली पांडाज ही लायब्ररी मात्र पुन्हा ७ ने भागते.

आठ आकड्यांत हा फरक चटकन डोळ्यांत भरतो. प्रयोगशाळेतल्या मोठ्या तक्त्यात तो दिसत नाही. अहवालात उतरतो आणि तिथेच राहतो. आज अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हवामानाचा अभ्यासक, पुलाचा आराखडा तपासणारा अभियंता आणि रेडिओ दुर्बिणीचा डेटा हाताळणारा संशोधक हे सगळे आपले गणित सॉफ्टवेअरकडे सोपवतात. सोपवण्याचे मार्ग मुख्यतः दोन: नाव घेऊन फंक्शनला हाक मारायची, किंवा पडद्यावरचे मेनू, बटणे, स्लायडर वापरायचे. कोणता मार्ग चांगला, हा वाद जुना आहे. माझ्या मते तो चुकीच्या जागी घातला जातो. काम झाल्यावर मागे वाचता येईल अशी नोंद राहते की नाही, ही खरी कसोटी आहे. गेल्या पाऊण शतकातल्या साधनांकडे या लेखात त्याच कसोटीने पाहायचे आहे.

कपाटातून भाषेकडे

सुरुवातीला फंक्शन ही खरोखरच कपाटात ठेवायची वस्तू होती. केंब्रिजमध्ये १९४९ साली एडसॅक हा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी वारंवार लागणाऱ्या गणितांच्या उपक्रिया कागदी पट्ट्यांवर छिद्रे पाडून तयार ठेवल्या. ज्याला वर्गमूळ हवे त्याने ती पट्टी काढून आपल्या प्रोग्रामला जोडायची. १९५१ साली या तिघांनी त्यावर पुस्तकही लिहिले. एकदा नीट तपासलेले गणित पुन्हा पुन्हा लिहायचे नाही, ही शिस्त तिथून आली.

पुढे १९५७ साली फोरट्रान आले आणि लायब्रऱ्या वाढत गेल्या. अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेशी जोडलेल्या आइसपॅक आणि लिनपॅक या लायब्रऱ्यांनी मॅट्रिक्सच्या गणिताला भक्कम पाया दिला. पण त्या वापरायला फोरट्रान यायलाच हवे. न्यू मेक्सिको विद्यापीठात शिकवणारे क्लीव्ह मोलर यांना आपल्या विद्यार्थ्यांची ही अडचण दिसत होती. म्हणून १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी या लायब्रऱ्यांवर एक सोपा थर चढवला: ओळ टाइप करायची आणि उत्तर लगेच पाहायचे. हेच पहिले मॅटलॅब. त्यात नवे फंक्शन घालायचे तर मात्र मूळ फोरट्रान कोड बदलावा लागे. जॅक लिटल आणि स्टीव्ह बँगर्ट यांनी ते सी भाषेत नव्याने लिहिले, १९८४ साली मॅथवर्क्स कंपनी उभी राहिली आणि वापरणाऱ्याला स्वतःची फंक्शने साध्या फायलींत लिहिण्याची सोय मिळाली. या क्षेत्रातली ही मोठी क्रांती होती, असे मी मानतो. कंपनीने दिलेले फंक्शन आणि तुम्ही लिहिलेले फंक्शन एकाच पंगतीला बसले. टूलबॉक्स म्हणजे विषयवार फंक्शनसंच, त्यांचा सगळा विस्तार यातूनच झाला.

चांगल्या फंक्शनमध्ये किती शहाणपण दडलेले असते, हे मॅटलॅबच्या एका चिन्हात दिसते. एकसामयिक समीकरणे सोडवताना मॅट्रिक्स आणि उजवीकडचा स्तंभ यांच्यामध्ये एक उलटी तिरपी रेघ द्यायची, एवढेच. त्या रेघेमागे तपासणी सुरू होते. मॅट्रिक्स चौरस आहे का? त्रिकोणी असेल तर थेट एकेक अज्ञात काढत जायचे. सममित असून कर्णावरचे आकडे धन असतील तर चोलेस्की पद्धत करून पाहायची. तसे नसेल तर एलयू विभाजन. मॅट्रिक्स चौरसच नसेल तर लघुतम वर्गांचे उत्तर. मॅट्रिक्स जवळजवळ व्यस्तहीन असेल तर उत्तरासोबत इशाराही येतो. वर्गात शिकवलेले सूत्र सांगते, व्यस्त मॅट्रिक्स काढा आणि गुणा. कागदावर ते बरोबर आहे. संगणकावर त्याने काम वाढते आणि चूकही वाढू शकते. अनेक वर्षांचे संख्यात्मक विश्लेषण त्या एका रेघेत सामावले आहे.

गृहीतकांचा जाच

फंक्शन जितके सोपे, तितकी त्याच्या पोटातली गृहीतके जास्त. साइन फंक्शनला ३० दिले की बहुतेक प्रणाली उणे ०.९८८ असे उत्तर देतात, कारण त्या कोन रेडियनमध्ये धरतात. अंशांसाठी मॅटलॅबमध्ये वेगळे फंक्शन आहे. मॅथेमॅटिका या प्रणालीत कोनाला अंशाचे परिमाण जोडावे लागते. फूरिये रूपांतराचा घोळ याहून सूक्ष्म. मॅटलॅब पुढे जाताना कशानेच भागत नाही. मॅथेमॅटिका मात्र नमुन्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागते आणि घातांकाचे चिन्हही उलटे घेते. दोन्ही संकेत गणितात मान्य आहेत. एका प्रणालीतला कोड दुसरीत नेणाऱ्याला हे माहीत नसेल तर आलेखाची उंची बदलते आणि कारण सापडता सापडत नाही.

नावांबाबतही दोन घराणी आहेत. मॅटलॅब आणि त्याच्या वळणाच्या प्रणाली आखूड नावे घेतात, हात चटकन चालावा म्हणून. १९८८ साली स्टीफन वुल्फ्रम यांनी आणलेल्या मॅथेमॅटिकाने पूर्ण शब्दांची नावे आग्रहाने ठेवली, वाचणाऱ्याला अर्थ लागावा म्हणून. पहिल्या आवृत्तीत ५५४ फंक्शने होती. आज ती सहा हजारांच्या वर गेली आहेत. इतकी नावे कोणाच्याच लक्षात राहत नाहीत. म्हणून या प्रणालींतले सर्वांत मोलाचे इंटरफेस साधन कोणते, असे विचारले तर मी मदतीच्या पानाकडे बोट दाखवेन. फंक्शन काय घेते, काय देते, काय गृहीत धरते, आणि चालवून पाहता येईल असे उदाहरण, इतके ज्या पानावर आहे ते पान निम्म्या चुका टाळते. आपल्याकडे प्रात्यक्षिकाच्या वहीत फंक्शनचे नाव उतरवले जाते. त्याचे मदतीचे पान मात्र क्वचितच उघडले जाते.

पडद्यावरचे चौकोन

१९७९ साली डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांचे व्हिजिकॅल्क आले आणि गणित चौकटींच्या तक्त्यात बसले. स्प्रेडशीटने कोट्यवधी लोकांना प्रोग्राम न लिहिता हिशेब मांडण्याचे बळ दिले. त्याचे मोल कमी लेखू नये. पण तिथे आकडा समोर दिसतो आणि सूत्र चौकटीमागे राहते.

त्याची किंमत अर्थशास्त्राने मोजली आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांचा २०१० चा निबंध सार्वजनिक कर्ज आणि विकासदर यांच्यावर होता. देशाचे कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांपलीकडे गेले की सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होते, असा त्यांचा आकडा जगभर उद्धृत झाला आणि काटकसरीच्या धोरणांच्या बाजूने वापरला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातला संशोधक विद्यार्थी थॉमस हर्नडन याला प्रसिद्ध डेटावरून तो आकडा मिळेना. त्याने लेखकांकडून मूळ स्प्रेडशीट फाइल मागवली. सरासरीच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी निवडायच्याच राहिल्या होत्या. ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क हे देश त्यामुळे गणितातून गळले होते. २०१३ साली हर्नडन आणि त्याच्या दोन मार्गदर्शकांनी हिशेब दुरुस्त करून २.२ टक्के हा आकडा दिला. या फरकात सुटलेल्या ओळींचा वाटा लहान होता. डेटाची निवड आणि भारांकन यांचा मोठा. पण फाइल हाती आली म्हणूनच हे सगळे उलगडले. छापलेल्या निबंधावरून ते कधीच कळले नसते.

जीवशास्त्रातला अनुभवही बोलका आहे. काही जनुकांची आखूड नावे मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांसारखी दिसत. एक्सेल त्यांना तारखा समजून बदलून टाकी. जनुकांच्या याद्या एक्सेलमध्ये जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत अशा चुका असल्याचे २०१६ च्या एका पाहणीत आढळले. अखेर २०२० साली मानवी जनुकांच्या नामकरण समितीने जनुकांचीच नावे बदलली. सॉफ्टवेअरच्या एका न मागितलेल्या सोयीपुढे विज्ञानाला आपली परिभाषा बदलावी लागली.

चित्रांतून प्रोग्राम लिहिण्याची वाट याहून शिस्तीची निघाली. १९८६ साली आलेल्या लॅबव्ह्यूमध्ये उपकरणांची जोडणी तारांच्या आकृतीने होते. मॅटलॅबच्या सिम्युलिंकमध्ये नियंत्रणप्रणाली ठोकळ्यांनी मांडली जाते. इथे आकृती हाच प्रोग्राम, त्यामुळे काय केले ते समोर दिसते. आकृती पसरत गेली की ती वाचणे आणि तिच्या दोन आवृत्त्यांतला फरक शोधणे जड जाते, ही त्यांची मर्यादा.

वहीचे वरदान आणि तिची खोड

मॅथेमॅटिकाच्या पहिल्याच आवृत्तीसोबत थिओडोर ग्रे यांनी घडवलेला नोटबुक इंटरफेस आला. मजकूर, आज्ञा, उत्तर आणि आलेख एकाखाली एक. गणित करणारा कर्नल वेगळा, समोर दिसणारी वही वेगळी. २००७ साली सहाव्या आवृत्तीत त्यात मॅनिप्युलेट हे फंक्शन आले. एका ओळीत सूत्र आणि चलाची मर्यादा सांगितली की स्लायडर तयार. मला यात सर्वांत भावते ते हे, की स्लायडर स्वतः फंक्शनमधून जन्मतो. हात लावून खेळायचे साधन आणि वाचता येणारी ओळ यांची इथे फारकत होत नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही कल्पना फर्नांडो पेरेझ यांच्यामुळे रुजली. कोलोराडोत भौतिकशास्त्राचे संशोधन करताना २००१ साली त्यांनी आयपायथन सुरू केले. दहा वर्षांनी त्याची नोटबुक आली आणि २०१४ साली ज्युपिटर हा व्यापक प्रकल्प उभा राहिला. मेंदूच्या विद्युतसंकेतांवर काम करणाऱ्या जॉन हंटर यांनी मॅटलॅबसारखे आलेख पायथनमध्ये काढता यावेत म्हणून मॅटप्लॉटलिब लिहिले. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी जुन्या दोन लायब्रऱ्या एकत्र आणून नमपाय घडवले. गुरुत्वीय लहरींचा शोध २०१६ साली जाहीर झाला तेव्हा त्या टिपणाऱ्या लायगो वेधशाळेने डेटासोबत एक नोटबुकही खुली केली. जगातला कोणीही विद्यार्थी तो क्षीण संकेत स्वतःच्या संगणकावर गाळून पाहू शकत होता. लायगोची भारतीय वेधशाळा हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होत आहे. तिथल्या मुलामुलींनाही ती वही उघडता येते, हे मला फार आश्वासक वाटते.

तरीही वहीला एक खोड आहे. तिच्यातले आज्ञांचे कप्पे कोणत्याही क्रमाने चालवता येतात. 'क्ष मध्ये १ मिळवा' असा कप्पा तीनदा चालवला तर क्ष तीनने वाढतो. वहीत ओळ मात्र एकदाच दिसते. वरचा कप्पा पुसला तरी त्याने तयार केलेले चल स्मृतीत जिवंत राहते. २०१९ साली ब्राझील आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी सार्वजनिक भांडारातल्या लाखो नोटबुक पुन्हा चालवून पाहिल्या. सुमारे एक चतुर्थांश विनातक्रार चालल्या. मूळ उत्तर पुन्हा मिळाले ते जेमतेम ४ टक्क्यांत. यावर उपाय साधा आहे. वही कोणाला देण्याआधी कर्नल नव्याने सुरू करून सगळे कप्पे वरून खाली चालवायचे. ज्युलिया भाषेतल्या प्लूटोसारख्या नव्या वह्या एक कप्पा बदलला की त्यावर अवलंबून असलेले सगळे कप्पे आपोआप पुन्हा चालवतात. पुढची दिशा तीच असावी.

पूल बांधणारी साधने

बटण आणि फंक्शन यांच्यात पूल बांधता येतो, हे काही साधनांनी केव्हाच दाखवून दिले आहे. संख्याशास्त्रातल्या एसपीएसएसच्या खिडक्यांत 'पेस्ट' नावाचे बटण आहे. ते दाबले की तुम्ही मेनूतून निवडलेली कृती आज्ञेच्या रूपात उतरते. आर भाषेसाठी जॉन फॉक्स यांनी केलेला आर कमांडर प्रत्येक निवडीचा कोड समोर मांडतो. वापरता वापरता विद्यार्थी भाषा शिकतो. मॅटलॅबमध्ये फाइल आयात करण्याच्या खिडकीतून स्क्रिप्ट काढून घेता येते.

यातले एक उत्तम उदाहरण आपल्या घरचे आहे. त्रिमितीय आकृत्या दाखवणारे मायावी हे सॉफ्टवेअर आयआयटी मुंबईच्या विमानविज्ञान विभागातले प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांनी घडवले. त्यात नोंद सुरू केली की माऊसने केलेला प्रत्येक बदल पायथनची ओळ बनून खाली उमटतो. रंगपट्टी बदलली, एक ओळ. छेद सरकवला, दुसरी ओळ. शेवटी हातात चित्रही असते आणि ते चित्र पुन्हा काढणारी स्क्रिप्टही.

ही शिस्त का हवी, ते नारायणगावजवळच्या खोडदला कळते. तिथे जीएमआरटी या रेडिओ वेधशाळेच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस दुर्बिणी आहेत. त्यांचा डेटा अनेक संशोधक कासा या प्रणालीत हाताळतात. आकाशातल्या क्षीण संकेतात पृथ्वीवरचा रेडिओ गोंगाट मिसळतो. तो वगळायला कासात दोन वाटा आहेत. प्लॉटएमएसच्या खिडकीत आलेख पाहून माऊसने चौकोन ओढायचा आणि तेवढा डेटा बाद करायचा. किंवा फ्लॅगडेटा या फंक्शनला दुर्बीण, वेळ आणि वारंवारता यांची मर्यादा लिहून द्यायची. डोळ्याला जे दिसते ते फंक्शनला दरवेळी दिसतेच असे नाही, म्हणून खिडकी हवीच. पण ओढलेल्या चौकोनाचे कारण कुठे लिहिलेले राहत नाही. जाणते निरीक्षक खिडकीत पाहतात, ठरवतात, आणि निर्णय फंक्शनच्या ओळीत लिहितात. सहा महिन्यांनी परीक्षकाने विचारले की अमुक दुर्बिणीचा डेटा का वगळला, तर उत्तर फाइलमध्ये सापडते.

परवाना, भाषा आणि आपली महाविद्यालये

हे सारे कोणाला परवडते, हा प्रश्न टाळता येणार नाही. मॅटलॅबचा परवाना विकत घ्यावा लागतो, पण त्याला मुक्त पर्याय आहेत. फ्रान्समधल्या इन्रिया संस्थेतून सायलॅब आले. विस्कॉन्सिन आणि टेक्सासमधल्या दोन प्राध्यापकांच्या रासायनिक अभिक्रियापात्रांवरील पाठ्यपुस्तकाला जोड म्हणून जॉन ईटन यांनी ऑक्टेव्ह लिहायला घेतले. मॅटलॅबचे साधे प्रोग्राम त्यावर थोड्याफार बदलाने चालतात. २०१५ च्या चौथ्या आवृत्तीत त्याला खिडक्यांचा इंटरफेसही आला. विशेष टूलबॉक्स आणि सिम्युलिंकसारखी सोय यांत मॅटलॅब आजही पुढे आहे. पदवीच्या प्रात्यक्षिकांपुरती गरज मात्र मुक्त साधनांत भागते.

आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प याच विश्वासावर उभा आहे. त्यातल्या टेक्स्टबुक कम्पॅनियन उपक्रमात विद्यार्थी प्रमाणित पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणे सायलॅब किंवा पायथनमध्ये लिहून सर्वांसाठी खुली करतात. त्याच प्रकल्पातले ओस्डॅग हे सॉफ्टवेअर पोलादी जोडण्यांची रचना भारतीय मानक ८०० प्रमाणे करते. खिडकीत मापे भरायची, त्रिमितीय आकृती पाहायची, आणि शेवटी हिशेबाच्या पायऱ्यांसह अहवाल घ्यायचा. नोंद ठेवणारा इंटरफेस म्हणतात तो असा.

राहिला भाषेचा अडसर. पायथन ३ मध्ये चलाचे नाव देवनागरीत 'वेग' असे ठेवता येते. फंक्शनांची नावे आणि बहुतेक मदतीची पाने मात्र इंग्रजीतच आहेत. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने छोट्या ध्वनिचित्रपाठांतून हे शिक्षण मराठी आवाजात आणले. तालुक्याच्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाला समजावणीची भाषा आपली मिळाली की फंक्शनची इंग्रजी नावे त्याला अडवत नाहीत.

आता तर साध्या वाक्यात प्रश्न विचारायचा आणि कोड लिहून घ्यायचा, असा तिसरा मार्ग आला आहे. वुल्फ्रम अल्फाने २००९ साली त्याची चुणूक दाखवली होती. आजचे भाषिक प्रारूपांवरचे सहायक मराठीतल्या प्रश्नावरही प्रोग्राम देतात. इथेही कसोटी तीच. मिळालेला कोड वाचता येतो, ही मोठी जमेची बाजू आहे. पण तो वाचणाऱ्याला ७ ने भागणे आणि ८ ने भागणे यांतला फरक कळायला हवा. सहायक जितका चतुर होईल तितकी ही जाण अधिक लागेल.

या आढाव्याचा निष्कर्ष मी स्पष्ट मांडतो. शोधताना पडदा हवा: आलेख फिरवून पाहायला, स्लायडर सरकवायला, शंका घ्यायला. सिद्ध करताना फंक्शन हवे, कारण ते दुसऱ्याला तपासता येते. जे साधन पडद्यावरची कृती आपण होऊन ओळीत उतरवते ते घ्यावे. जे उतरवत नाही, त्याच्यासोबत वापरणाऱ्याने स्वतः नोंद ठेवावी. शिक्षकांना माझी विनंती आहे की प्रात्यक्षिकाचे गुण केवळ आलेखाच्या छापील प्रतीवर देऊ नका. स्क्रिप्ट मागा, ती नव्या संगणकावर वरून खाली चालवून पाहा, आणि वापरलेल्या एखाद्या फंक्शनची गृहीतके विद्यार्थ्याला तोंडी विचारा. महाविद्यालयाला यासाठी एकही नवा परवाना विकत घ्यावा लागणार नाही.